वंशावळीचे वाचन आणि तत्कालीन कायदा

विसाव्या शतकात मराठीत छापल्या गेलेल्या कुलवृत्तांतांकडे साहित्याच्या अभ्यासकांनी बहुधा पाठ फिरविली आहे, आणि इतिहासाच्या अभ्यासकांनी त्यांतील नावे व साल तेवढी उचलून घेतली आहेत. या दोन्ही पद्धतींत एक प्रश्न राहून जातो. मूळ वंशावळ कोणापुढे, कोणत्या हक्कासाठी आणि कोणत्या कायद्याखाली लिहिली गेली? घराण्याच्या स्मरणाचे निर्व्याज लेखन म्हणून उतरलेली वंशावळ क्वचितच आढळते. पुष्कळदा ती दाव्यातील पुरावा असते.

वतनाचे उदाहरण घेऊ. मुंबई इलाख्यात 1852 च्या अकराव्या कायद्यान्वये इनामांची चौकशी सुरू झाली, तेव्हा सनदा आणि वंशपरंपरागत वहिवाट सिद्ध करण्याची पाळी घराण्यांवर आली. पुढे 1874 च्या वतन कायद्याने वतनदार घराणे म्हणजे काय आणि चाकरीसाठी प्रातिनिधिक वतनदार कोण, हे ठरविले. या निमित्ताने सादर झालेल्या वंशवृक्षात हक्काशी संबंध असलेली शाखा ठसठशीत उमटते. विभक्त होऊन दूर गेलेला भाऊ मात्र एखाद्या टिंबाने संपतो. त्या टिंबाचा अर्थ ‘निर्वंश’ असा लावणे हा आपल्याकडील वंशलेखनातील सर्वांत रूढ प्रमाद होय. 1886 च्या दुरुस्तीने तर शेवटच्या पुरुष धारकाची विधवा सोडून घराण्यातील इतर स्त्रियांचा वतनावरील वारसा, पात्र पुरुष असेतोवर, मागे ढकलला. तेव्हा या सालानंतरच्या वतनी कागदांत मुलींची नावे नाहीत, एवढ्यावरून त्या घराण्याच्या स्त्रीविषयक दृष्टीसंबंधी काही बोलण्यापूर्वी हा कायदा समोर ठेवावा लागेल. (घराण्याची दृष्टी उदार होती असे मात्र यावरून ठरत नाही.)

याहून अधिक उद्बोधक उदाहरण महाराष्ट्राबाहेरचे आहे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर 1803 मध्ये भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरले गेले. हा अतिशय दीर्घ शिलालेख सरफोजी राजांच्या कारकीर्दीतला. त्याच्या भाषेची चर्चा झाली आहे, विस्ताराचे कौतुकही झाले आहे. परंतु तो कोरविणाऱ्या राजाचे स्वतःचे राजपद दत्तकविधानावर उभे होते, ही गोष्ट वाचताना नजरेआड होता कामा नये. तुळजाजी राजांनी 1787 मध्ये, मृत्यूच्या अगदी अलीकडे, सरफोजींना दत्तक घेतले. मद्रासच्या कंपनी सरकारने पंडितांचे मत मागविले. राजाची मनःस्थिती, मुलाचे वय आणि तो जनक पित्याचा एकुलता एक पुत्र असणे, असे आक्षेप निघाले. दत्तक अवैध ठरून तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह गादीवर बसले. पुढे पंडितांचा कौल उलटला आणि 1798 मध्ये सरफोजी राजे झाले.

हे आक्षेप शुद्ध राजकारण होते असे म्हणून भागत नाही. एकुलता पुत्र देऊ नये व घेऊ नये, हे वचन वसिष्ठाचे. वयाची कडक मर्यादा नंदपंडिताच्या ‘दत्तकमीमांसे’त सापडते, उलट नीलकंठभट्टाचा ‘व्यवहारमयूख’ विवाहित व पुत्रवान पुरुषही दत्तक घेता येतो असे मानतो. म्हणजे दोन्ही बाजूंना शास्त्राचा आधार उपलब्ध होता, आणि कोणता ग्रंथ प्रमाण मानावा हाच खरा तंटा होता. एकुलत्या पुत्राचे दत्तक वैध असल्याचा निर्वाळा प्रिव्ही कौन्सिलने 1899 मध्ये दिला. पण त्या निर्णयाच्या प्रकाशात 1787 च्या पंडितांना अज्ञ वा विकले गेलेले ठरविणे म्हणजे उत्तरकालीन कायदा पूर्वकाळावर लादणे होय. 1803 चा वाचक, तंजावरातला वा मद्रासेतला, ही वंशमालिका वाचताना दत्तकाचा वाद विसरला नसणार. माझ्या मते तो लेख काव्येतिहासाइतकाच हक्कलेखही आहे.

स्थलांतरित घराण्यांच्या बाबतीत आणखी एक नियम उपयोगी पडतो. हिंदू कुटुंब परप्रांती गेले तर त्याचा मूळचा वैयक्तिक कायदा त्याच्यासोबत जातो, असे न्यायालये गृहीत धरीत. स्थानिक कायदा स्वीकारला असेल तर तो सिद्ध करावा लागे. मुंबई इलाख्यात विधवेला पतीच्या स्पष्ट अनुमतीवाचूनही दत्तक घेता येई. द्राविड संप्रदायात, अशी अनुमती नसल्यास, सपिंडांची संमती लागे, हे 1868 च्या रामनाड प्रकरणात निश्चित झाले. दक्षिणेतील मराठी घराण्याच्या कागदांत सपिंडांची संमतिपत्रे आढळली, तर त्या घराण्याने कायद्यापुरती तरी द्राविड वाट धरली होती काय, हा प्रश्न विचारता येतो. भाषेच्या पुराव्यावरून हे कळणार नाही. घरात मराठी टिकली असेल आणि कायदा बदलला असेल.

कालगणनेचा मुद्दा यालाच जोडून येतो. ‘समान सबैन मया व अलफ’ म्हणजे शुहूर 1178. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेस 599 मिळवावयाचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. म्हणून हे वर्ष 1777–78 चे. सरसकट एकच आकडा मिळविणाऱ्या संपादकाच्या हातून वर्षाची चूक होते, आणि त्या एका वर्षात नवरा वारला असेल तर त्याने स्वतः घेतलेला दत्तक कागदोपत्री विधवेने घेतलेला ठरतो. तो ग्राह्य होता की नाही याची कसोटीच मग बदलते.