भरती-ओहोटीवर चालणारी बाग : टोकियोचे हामा-रिक्यू उद्यान

पुण्यास सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान आपणापैकी अनेकांनी पाहिले असेल. जपानमधील ओकायामा शहरातील कोराकुएन या बागेच्या धर्तीवर ते उभारलेले आहे. तेथील ओढे व तळी गोड्या पाण्याची आहेत. जपानी बाग म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे असेच चित्र येते. परंतु टोकियोच्या समुद्रकाठी एक जुनी बाग अशी आहे की, जिच्या मुख्य तळ्यात आजही समुद्राचे खारे पाणी घेतले जाते. खार जमिनीशी ज्यांचा रोजचा संबंध आहे त्यांनी तिची माहिती अवश्य करून घ्यावी.

या बागेचे नाव हामा-रिक्यू. क्षेत्र सुमारे २५ हेक्टर. सुमिदा नदी जेथे समुद्रास मिळते तेथे पूर्वी बोरूचे रान असलेली उथळ खाडी होती व शोगुन, म्हणजे त्या काळचे राज्यकर्ते, तेथे ससाण्यांकडून शिकार करवीत. १६५४ मध्ये शोगुनच्या धाकट्या भावाने भराव घालून ही जागा समुद्रातून काढली आणि वाडा बांधला. पुढे त्याचा मुलगा इएनोबु सहावा शोगुन झाला आणि बाग राजघराण्याची झाली. १९२३ च्या भूकंपात व १९४४ च्या बाँबहल्ल्यात तिचे मोठे नुकसान झाले. एप्रिल १९४६ पासून ती सर्व जनतेस खुली आहे.

ऊस पिकविणाऱ्या वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. आठवा शोगुन योशिमुने याने अठराव्या शतकात याच बागेत उसाची प्रायोगिक लागवड करविली. त्या वेळी जपानला साखर परदेशी जहाजांतून विकत घ्यावी लागे व देशाची चांदी बाहेर जाई. टोकियोची थंडी उसाला मानवणारी नव्हे, पण या प्रयत्नांतून देशी साखरेला चालना मिळाली. पुढे उबदार अशा शिकोकु बेटावर ऊस रुजला व तेथील बारीक दाण्याची साखर आजही नावाजलेली आहे. याच राजाने व्हिएतनामहून हत्ती आणवून तोही काही वर्षे या बागेत ठेवला होता. त्याच्या वैरणीचा खर्च कारभाऱ्यांना किती जड गेला असेल, याची कल्पना जनावरे पाळणाऱ्यांस सहज यावी!

आता मुख्य विषयाकडे वळू. बागेतील तळ्याचे नाव शिओइरी, म्हणजे भरतीचे पाणी येणारे तळे. टोकियोच्या जुन्या बागांपैकी समुद्राचे पाणी खेळणारे तळे आता एवढेच राहिले आहे. समुद्राच्या पातळीप्रमाणे झडप उघडून किंवा बंद करून पाणी आत घेतले व बाहेर सोडले जाते. तळ्यात बोई, वाम यांसारखे मासे येतात. काठ दगडांनी बांधलेले असल्याने पाण्याच्या सततच्या चढउतारात माती वाहून जात नाही.

आपल्या कोकणातील खारबंदिस्तीची उघाडी किंवा गोव्यातील खाजणाचे मानस हे याच जातीचे साधन आहे, मात्र त्याचा हेतू उलट असतो. भरतीचे पाणी झडपेला दाबून बंद करते, ओहोटीला आतील पावसाचे पाणी तिला ढकलून बाहेर पडते. म्हणजे आपण खारे पाणी अडवितो, तर हामा-रिक्यूत ते मोजून आत घेतात. दोन्हीकडे नियम मात्र एकच : पाणी कधी व किती यायचे हे झडपेने ठरवावे, बांधाच्या भोकाने नव्हे. खेकड्यांनी पोखरलेल्या बांधाला एका उधाणात खांड पडली तर भाताचे ते वर्ष तर जातेच, पण जमिनीतील मीठ धुऊन निघण्यास पुढील पावसाळेही खर्ची पडतात. म्हणून उन्हाळ्यातच उघाडीच्या फळ्या, बिजागरी व दोन्ही बाजूंचा बांध तपासून घ्यावा. झडपेत अडकलेले एक लाकूडही ती अर्धवट उघडी ठेवण्यास पुरेसे होते.

खाऱ्या तळ्याच्या काठी झाडे जगतात कशी, हा प्रश्न साहजिक आहे. झाडांची मुळे खाऱ्या पाण्याच्या पातळीच्या वर राहिली व वरून पाऊस पडत राहिला, तर मीठ खाली निचरून जाते. टोकियोत वर्षाला साधारण १५०० मि.मी. पाऊस पडतो. आपल्या कोकणात तर त्याच्या दुपटीने पडतो, पण तो चार महिन्यांत पडून जातो व उन्हाळ्यात मीठ पुन्हा वर चढते. त्यामुळे खाडीकाठी फळझाड लावायचे तर उंच वरंबा आणि निचऱ्याचा चर यांना पर्याय नाही.

दुसरी गोष्ट जातीच्या निवडीची. या बागेचा मान काळ्या पाइन वृक्षाकडे जातो. वाऱ्याबरोबर येणारे खारे तुषार तो सोसतो, म्हणून जपानच्या किनाऱ्यावर वारा अडविण्यासाठी त्याच्या रांगा लावलेल्या आढळतात. आपल्याकडे हे काम सुरू, उंडी, करंज व भेंड यांच्याकडून करून घेता येते. बागेच्या प्रवेशाजवळ तीनशे वर्षांचा म्हणून ओळखला जाणारा पाइन आहे. तो इएनोबुच्या काळी लावल्याचे सांगतात. त्याच्या जमिनीलगत पसरलेल्या फांद्यांना खाली टेकू दिलेले आहेत. पाइनचे कोवळे कोंब वसंतात हाताने खुडले जातात आणि थंडीच्या तोंडावर जुनी पाने काढून झाड विरळ केले जाते. त्यामुळे आतपर्यंत ऊन व वारा पोचतो. आंब्याला अशी खुडणी करावयाची नसते, पण दाटलेल्या जुन्या हापूसच्या मधली फांदी काढून आत ऊन घेणे यामागील विचार तोच आहे.

शेवटी एका जुन्या रूढीविषयी. जपानी बागांतून थंडीत पाइनच्या खोडाभोवती भाताच्या पेंढ्याची चटई बांधतात. पाने खाणाऱ्या अळ्या उबेसाठी तीत शिरतात व वसंताच्या आरंभी चटई काढून जाळली की त्या मरतात, अशी समजूत शेकडो वर्षे होती. हिमेजी येथील किल्ल्यातील झाडांच्या चटया अभ्यासकांनी उलगडून पाहिल्या, तेव्हा त्यांत अळ्या थोड्या, आणि कोळी व भक्षक ढेकूण यांसारखे मित्रकीटकच जास्त निघाले. म्हणजे जाळले जात होते ते आपलेच राखणदार! तेथे ही प्रथा आता बंद केली आहे.

आपल्याकडे आंब्यावरील पिठ्या ढेकणाची पिल्ले जमिनीतून खोडावर चढू नयेत म्हणून ग्रीस लावलेला प्लॅस्टिकचा पट्टा बांधतात. त्याचे काम वाट अडविण्याचे असल्याने तो उपयुक्त आहे व योग्य वेळी बांधावा. परंतु खोडाला पेंढा, गोणपाट किंवा गवत गुंडाळण्याची रीत आपल्या वाडीत असेल, तर ते काढल्यावर लगेच पेटवू नये. पांढऱ्या कापडावर झटकून काय काय पडते ते मोजावे, कोळी व भक्षक कीटक परत झाडाखाली सोडावेत आणि मगच उरलेला पेंढा जाळावयाचा की कुजवावयाचा ते ठरवावे.