पेंगणारा मुलगा, चिडका मुलगा

प्रश्न : आम्ही बेंगळुरूत राहतो. दहावीतला मुलगा वर्गात पेंगतो, घरी सारखा चिडतो. हा आळस की नैराश्य?

उत्तर : आळस म्हणून मोकळे होऊ नका. वयात येताना झोप आणणारं संप्रेरक, मेलाटोनिन, उशिरा स्रवतं, रात्री लवकर डोळा लागत नाही. तुमच्याकडची स्कूलबस मात्र ट्रॅफिकच्या धास्तीनं सकाळीच दारात! या वयाला 8 ते 10 तास झोप हवी. ती तुटली की मन खचतं, आणि खचलेलं मन पुन्हा झोप बिघडवतं. मुलांचं नैराश्य अनेकदा रडण्यातून नव्हे, चिडण्यातूनच दिसतं. सुट्टीत भरपूर झोपूनही मरगळ, मित्रांचा कंटाळा दोन आठवडे टिकला, तर तुमच्याच शहरातल्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत दाखवा. जीव नकोसा झाल्याचं बोलला, तर त्याच दिवशी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 क्रमांक 24 तास, मोफत आहे. मराठीतही बोलता येतं.