मुंबईत वाट चुकू नये म्हणून

मुंबई हे फार मोठे शहर आहे, हे आपण सगळे ऐकून आहोत. आपल्या गावातले कोणी ना कोणी तेथे नोकरीला असते. कोणी लेकीकडे जाते, कोणी कोर्टाच्या कामाला जाते. पण खेड्यातला माणूस मुंबईला जातो तो बहुधा दुखण्यापायी. अशा वेळी मन आधीच घाबरलेले असते. त्यात वाट चुकली की माणूस रडकुंडीला येतो. म्हणून हा पाठ नीट वाचा. घरच्यांनाही वाचून दाखवा.

प्रथम एक घडलेली गोष्ट सांगतो.

नाशिक जिल्ह्यातल्या आमच्या गावात रात्रीचा वर्ग चालतो. आम्ही तेथे शिकवतो. वर्गाला एक शेतकरी नेमाने येत. त्यांची बायको मात्र येत नसे. "तिला कशाला, गुरुजी? मी वाचतो तेवढं पुरे," असे ते म्हणत. आम्हीही आग्रह धरला नाही.

काही वर्षांपूर्वी त्या बाईंच्या गळ्याला गाठ आली. तालुक्याच्या डॉक्टरांनी परळच्या इस्पितळाची चिठ्ठी दिली. नवराबायको पहाटे कसाऱ्याला आले आणि जलद लोकलमध्ये बसले. गर्दी होती. बाई बायकांच्या डब्यात चढल्या, नवरा पुरुषांच्या डब्यात. "दादरला उतर, मग तिथून परळ," एवढे त्याने सांगितले होते. चिठ्ठी त्याच्या खिशात. फोनही त्याच्याच खिशात. पैसेही त्याच्याच कनवटीला.

दादर आले. नवरा उतरला. बाईंना पाटी वाचता आली नाही. कोणते स्टेशन ते कळायच्या आत गाडी सुटली. बाई शेवटच्या स्टेशनावर पोचल्या. सगळे उतरले म्हणून त्याही उतरल्या आणि एका बाकावर बसून राहिल्या. नवरा दादरला शोधत राहिला, मग परळला गेला, पुन्हा दादरला आला. असा दिवस गेला. संध्याकाळी एका पोलीसबाईंनी विचारपूस केली. बाईंना नवऱ्याचा फोन नंबर पाठ नव्हता. गावाचे आणि तालुक्याचे नाव तेवढे सांगता आले. त्यावरून गावच्या पोलीस पाटलांना फोन गेला. रात्री नऊ वाजता दोघांची गाठ पडली.

माणूस सापडले, हे खरे. पण तपासणीचा दिवस हुकला. पुढची तारीख तीन आठवड्यांनी मिळाली. गाठीच्या दुखण्यात तीन आठवडे म्हणजे थोडे नव्हेत.

आता पहा. 'परळ' या शब्दाला काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही. प, र, ळ अशी तीन साधी अक्षरे. आमच्या वर्गात असा शब्द पहिल्या आठवड्यातच वाचता येतो. 'दादर' या शब्दाला एकच काना आहे. तेवढे त्या बाईंना शिकवायचे राहिले. त्यात नवऱ्याची चूक होती, तशी आमचीही होती. ती आम्ही कबूल करतो. म्हणूनच या पाठात लिहिलेले प्रत्येकाने शिकायचे आहे, घरातल्या एकट्यादुकट्याने नव्हे.

निघण्यापूर्वी

घरातून जितकी माणसे निघतील तितक्या चिठ्ठ्या लिहा. प्रत्येकाच्या खिशात किंवा कमरेच्या पिशवीत एक चिठ्ठी असू द्या. तिच्यावर आपले नाव, गाव, तालुका, बरोबरच्या माणसाचा फोन नंबर, गावातला एक फोन नंबर आणि मुंबईत जायचे ते ठिकाण लिहा. फोनमध्ये नंबर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. फोन बंद पडतो, चोरीलाही जातो.

पैसे एका जागी ठेवू नका. प्रत्येकाजवळ थोडे थोडे द्या. दवाखान्याचे कागद एका पिशवीत घाला आणि पिशवी हातातून सोडू नका. आधार कार्ड आणि शिधापत्रिका बरोबर घ्या.

मुंबईचा पत्ता लिहून घेताना खोली, चाळ किंवा इमारत, रस्ता आणि स्टेशन एवढे हवेच. शिवाय 'पूर्व' की 'पश्चिम' हे जरूर विचारा. रेल्वेच्या रुळांनी मुंबईच्या वस्तीचे दोन भाग केले आहेत. अंधेरी पूर्व वेगळी आणि अंधेरी पश्चिम वेगळी. चुकीच्या बाजूला उतरलात तर पुन्हा पूल चढून यावे लागते. आजारी माणसाला तो चढ फार होतो.

लोकल गाडी

हिंदुस्थानातली पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी धावली. आज मुंबईचा सारा व्यवहार लोकल गाड्यांवर चालतो. मुख्य मार्ग तीन आहेत. पश्चिम रेल्वे चर्चगेटहून दादर, अंधेरी, बोरिवली, विरार अशी डहाणूपर्यंत जाते. मध्य रेल्वे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून दादर, ठाणे, कल्याण अशी जाते. कल्याणला तिला दोन फाटे फुटतात, एक कसाऱ्याकडे आणि दुसरा कर्जतकडे. तिसरा हार्बर मार्ग. तो वडाळा, कुर्ला, वाशी असा पनवेलपर्यंत जातो.

लोकांच्या तोंडचे नाव आणि पाटीवरचे नाव कधी कधी निराळे असते. 'व्ही. टी.' म्हणजेच छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. 'एल्फिन्स्टन' म्हणजे आताचे प्रभादेवी. हे नाव २०१८ साली बदलले. 'कुर्ला टर्मिनस' म्हणजे लोकमान्य टिळक टर्मिनस. बाहेरगावच्या गाड्या तेथून सुटतात. ते आणि कुर्ल्याचे लोकलचे स्टेशन एक नव्हे, बरं का! गावी परतताना पुष्कळ जण येथे फसतात आणि गाडी चुकते.

फलाटावर वर टांगलेला फलक असतो. त्याला इंडिकेटर म्हणतात. गाडी कोठे जाणार, किती वाजता येणार आणि ती धीमी की जलद, हे त्यावर दिसते. धीमी गाडी प्रत्येक स्टेशनावर थांबते. जलद गाडी मधली स्टेशने सोडते. परळला जायचे तर दादरला जलद गाडीतून उतरा आणि धीम्या गाडीत बसा. दादरनंतरचे पुढचेच स्टेशन परळ.

दादरला पश्चिम आणि मध्य अशा दोन्ही रेल्वे मिळतात. पूर्वी दोन्हीकडे फलाटांचे तेच ते आकडे असल्याने घोटाळा होई. डिसेंबर २०२३ पासून आकडे सलग केले आहेत. १ ते ७ हे फलाट पश्चिम रेल्वेचे. ८ पासून पुढचे मध्य रेल्वेचे.

डबा पाहून चढा. बायकांच्या डब्यावर बाईचे चित्र असते. 'प्रथम श्रेणी' असे लिहिलेल्या डब्यात साध्या तिकिटावर बसू नका. दारे आपोआप मिटणाऱ्या वातानुकूलित गाडीचेही तिकीट वेगळे असते. विनातिकीट सापडल्यास भाड्याशिवाय निदान २५० रुपये दंड भरावा लागतो. दिव्यांगांच्या डब्यात कर्करोगाच्या रुग्णांना आणि गरोदर बायकांनाही बसता येते. मात्र डॉक्टरांचा कागद जवळ असावा.

सकाळी ८ ते ११ या वेळात चर्चगेट आणि टर्मिनसकडे जाणाऱ्या गाड्या भरून येतात. संध्याकाळी ५ ते ९ या वेळात उलट दिशेच्या गाड्या भरतात. आजारी माणूस बरोबर असेल तर या वेळा टाळा. जमत नसेल तर एक गाडी सोडा, दुसरी येतेच.

रूळ कधीही ओलांडू नका. पुलावरूनच जा. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी मुंबईच्या लोकल मार्गांवर दोन हजारांवर माणसे दगावली. रूळ ओलांडताना आणि गाडीतून पडून मेलेल्यांचा त्यात मोठा भाग होता. पुलावर गर्दी असेल तर ढकलाढकली करू नका, आणि मध्येच उभे राहू नका. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टनच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे गेली.

चुकामूक झाली तर

हा नियम घरूनच ठरवून निघा. जो गाडीत पुढे गेला त्याने गाडी थांबेल त्या पुढच्याच स्टेशनावर उतरावे आणि तेथील स्टेशनमास्तरांच्या कचेरीपाशी थांबावे. जो मागे राहिला त्याने पुढच्या गाडीने तेथे जावे. गाडीत बसण्यापूर्वी ती गाडी त्या स्टेशनावर थांबते का, ते विचारावे. पुढे गेलेल्याने मागे फिरू नये. दोघेही फिरू लागले की भेट होत नाही.

रेल्वेच्या मदतीसाठी १३९ या नंबरावर फोन करा. पोलिसांची मदत ११२ वर मिळते, रुग्णवाहिका १०८ वर. लहान मूल हरवले तर १०९८ हा नंबर आहे. हे चार आकडे वहीत दहादा लिहून काढा.

बस, टॅक्सी आणि रिक्षा

मुंबईत 'बेस्ट'ची बस १९२६ सालापासून धावते. बसच्या कपाळावर नंबर आणि शेवटच्या ठिकाणाचे नाव असते. दोन्ही वाचा. नंबर तोच असला तरी बस जाणारी की येणारी, ते नावावरूनच कळते. साध्या बसचे कमीत कमी भाडे मे २०२५ पासून १० रुपये आणि वातानुकूलित बसचे १२ रुपये झाले आहे.

रिक्षा सगळीकडे मिळत नाही. पश्चिमेकडे वांद्र्यापर्यंत आणि मध्य रेल्वेवर शीवपर्यंतच रिक्षा येते. त्याच्या दक्षिणेला टॅक्सी करावी लागते. दादर आणि परळ त्याच भागात येतात. १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला रिक्षाचे भाडे २६ रुपये आणि टॅक्सीचे ३१ रुपये आहे. बसताना मीटर पाहा. रात्री १२ ते पहाटे ५ या वेळात भाडे सव्वापट होते.

रस्ता विचारताना एकाला विचारून निघू नका, दोघांना विचारा. पानवाला, टपालवाला आणि वाहतूक पोलीस यांना परिसर ठाऊक असतो. "मी नेतो, पिशवी द्या," असे आपणहून म्हणणाऱ्याच्या हाती पिशवी देऊ नका.

इस्पितळात

परळला केईएम, टाटा आणि मुलांचे वाडिया ही तीन मोठी इस्पितळे जवळजवळ आहेत. आपल्या चिठ्ठीवर कोणते नाव आहे ते आधी वाचा. सकाळी लवकर जा, कारण केस पेपर काढायला रांग असते. "नंबर लवकर लावून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. खर्च झेपत नसेल तर समाजसेवा विभागात जाऊन सांगा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना जेथे चालते तेथे 'आरोग्यमित्र' बसतात. त्यांना शिधापत्रिका दाखवा. यात लाज नाही.

राहण्याची अडचण असेल तर दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. बाहेरगावचे रुग्ण आणि त्यांचे नातलग तेथे उतरतात. जागा मिळेल का, याची आधी चौकशी करा आणि इस्पितळाचे कागद दाखवा.

पावसाळ्यात

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि लाखो माणसे जागच्या जागी अडकली. असा पाऊस लागला तर आहात तेथेच थांबा. साचलेल्या पाण्यातून चालू नका. पाण्याखाली गटाराचे झाकण उघडे असले तर दिसत नाही.

शेवटी

त्या बाईंचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. गाठ काढली. औषधपाणी झाले. बाई बऱ्या झाल्या. गावी आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्या वर्गात येऊन बसल्या. म्हणाल्या, "गुरुजी, बाकीचं मागनं शिकवा. आधी मला दादर लिव्हायला शिकवा."

आता त्या तपासणीला एकट्या जातात. चिठ्ठी मात्र अजून कमरेच्या पिशवीत असते. ती त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली आहे.

अभ्यास

१. तुमच्या घरातल्या प्रत्येकासाठी एक चिठ्ठी लिहा. ज्याला वाचता येत नाही त्याला ती वाचायला शिकवा.
२. हे शब्द मोठ्याने वाचा व लिहा : परळ, दादर, ठाणे, कल्याण, पूर्व, पश्चिम, धीमी, जलद, प्रथम श्रेणी.
३. दोन माणसे साध्या बसने जाऊन परत आली. प्रत्येक खेपेचे भाडे माणशी १० रुपये. एकूण किती पैसे लागले?
४. गाडीत चुकामूक झाली तर पुढे गेलेल्याने काय करावे? मागे राहिलेल्याने काय करावे?
५. पोलीस, रुग्णवाहिका आणि रेल्वे यांचे नंबर न पाहता लिहा.