स्वस्त तिकीट आणि गाडीभाडं

बँकॉकचं तिकीट दुसऱ्या विमानापेक्षा माणशी दीड हजारानं स्वस्त मिळालं, तेव्हा दोन दिवस मी मेन रोडला छाती काढून फिरलो. आम्ही दोघं आणि साडू-मेहुणी असे चौघं, म्हणजे सहा हजार वाचले. दोन वर्षं भिशी भरून जमवलेल्या पैशात सहा हजार ही लहान रक्कम नव्हे.

विमान मुंबईहून पहाटे साडेपाचला होतं. परदेशी विमानाला तीन तास आधी पोचायचं, म्हणजे रात्री अडीचला विमानतळाच्या दारात. श्रीरामपूरहून त्या वेळेला सोयीची ना एसटी ना रेल्वे. गाडी केली. गाडीवाला येताना रिकामा येणार, म्हणून दोन्ही बाजूंचे किलोमीटर लावतो. टोल धरून साडेसात हजार. परतीचं विमान रात्री दीडला मुंबईत उतरलं. नातेवाईक आहेत तिथे, पण त्या वेळी दार कुणाचं वाजवायचं? पुन्हा साडेसात. दिवसाचं विमान घेतलं असतं तर चौघांचं बसनं जाणं-येणं पाच हजारांत झालं असतं. सहा वाचवायला दहा जास्तीचे घातले, हे मला घरी आल्यावर वहीत कळलं. म्हणून तिकिटाचा भाव बघण्याआधी सुटण्याची आणि उतरण्याची वेळ बघा, आणि हिशोब घराच्या उंबऱ्यापासून मांडा. आपण मुंबईकर नाही, हे विसरून चालत नाही.

पॅकेज ज्या एजंटाकडून घेतलं त्याचं नाव लिहीत नाही, गावातच राहायचंय. माणशी 40 हजारांचं पॅकेज, वर अडीच हजार ‘व्हिसा फी’. हे जानेवारी 2025 मधलं. थायलंडनं भारतीय पर्यटकांना व्हिसा माफ केला तो नोव्हेंबर 2023 मध्ये! बँकॉकच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं पासपोर्ट उघडला, शिक्का मारला आणि परत दिला. एक पैसा मागितला नाही, तेव्हा साडू माझ्याकडे बघायला लागले. परत आल्यावर विचारलं तर उत्तर मिळालं, “ती प्रोसेसिंग फी होती, काका.” दहा हजार गेले ते गेले. असे नियम बदलत राहतात, त्यामुळे पैसे देण्याआधी त्या देशाच्या वकिलातीची वेबसाइट मुलाला उघडायला लावा. मे 2025 पासून थायलंडला जाताना पोचण्याआधीच्या तीन दिवसांत एक डिजिटल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. ते फुकट आहे. पैसे मागणारी वेबसाइट दिसली की बंद करायची.

पासपोर्टाचंही एक सांगतो. साडूंनी दहा वर्षांपूर्वी हौसेनं काढलेला, एकही शिक्का नसलेला कोरा पासपोर्ट होता. मुदत चार महिने उरलेली. बहुतेक ठिकाणी सहा महिने तरी शिल्लक लागतात. साध्या अर्जाचे 1500 रुपये, पण घाई झाली म्हणून तत्काळचे आणखी 2000 भरले. कपाटातला पासपोर्ट आजच काढून तारीख बघा.

सामानाबद्दल माझ्या बायकोला बोल लावू नका, कारण चूक माझी होती. स्वस्त तिकिटात फक्त सात किलोची हातातली बॅग होती. शेंगदाण्याची चटणी, चिवडा आणि मेतकूट यांचंच चार किलो भरलं. काउंटरवर वजनाचे पैसे घेतात ते घरून आधी भरण्यापेक्षा कितीतरी जास्त. आणि ते मेतकूट निम्मं परत आलं. शाकाहारी माणसाची तिथे पंचाईत होते हे खरं, कारण भाजीतसुद्धा माशाचा रस घालतात. पण पाहुरात भागात भारतीय खाणावळी आहेत, आणि तिथल्या गुरुद्वारात लंगरही असतो.

आता पैशांचं. एटीएममधून पैसे काढले की दर वेळी तिथली बँक तेव्हा 220 बाट कापायची, त्या वेळच्या भावानं साडेपाचशे रुपये. मी भीतीनं हजार-हजार बाट तीनदा काढले. एकदाच काढायचे होते. मशीन विचारतं, रक्कम रुपयांत लावू का? नाही म्हणायचं. रुपयांत लावलं की भाव तेच ठरवतात. विमानतळावरून शहरात टॅक्सीनं गेलो, तर शेजारीच रेल्वे होती, शेवटच्या स्टेशनापर्यंत 45 बाट. राजवाड्याचं तिकीट माणशी 500 बाट. महाग वाटलं, पण बघून झाल्यावर कुणी कुरकुर केली नाही.

सर्वांत मोठी गंमत डिसेंबरात झाली. पॅकेजवर टीसीएस म्हणून तेव्हाच्या दरानं 5 टक्के, म्हणजे आठ हजार रुपये घेतले होते. मला वाटलं सरकारचा कर, गेला. आमच्या सीएनं दुसऱ्याच कामात 26एएस, म्हणजे माझ्या नावावरच्या कराच्या नोंदीचं पान उघडलं आणि म्हणाला, “हे तुमचेच पैसे आहेत, रिटर्न भरलं तर परत मिळतील.” माझं उत्पन्न कराच्या मर्यादेखालचं, म्हणून मी रिटर्न भरतच नाही. उशिराचं रिटर्न भरायला 31 डिसेंबर शेवटची तारीख, हातात नऊ दिवस. भरलं. आठ हजार परत आले. पॅकेज घेताना कुणाचा पॅन दिला ते लिहून ठेवा, पावती सांभाळा.

पुढच्या भिशीत व्हिएतनामचं चाललंय. सरकारी वेबसाइटवर ई-व्हिसा 25 डॉलरला मिळतो, हे मी या खेपेला स्वतः बघून ठेवलं. परवा संध्याकाळी विमानाचं भाडं वाचून दाखवायला बसलो, तर बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, “अहो, ते राहू द्या. किती वाजता सुटतं, ते आधी सांगा.”