पिणाऱ्याच्या घरात योजनेचे पैसे का जावेत?

प्रश्न : आमच्या शेजारच्या वस्तीत एका बाईला 'लाडकी बहीण'चे महिन्याला दीड हजार मिळतात. नवरा रोज पितो, कामावर धड जात नाही. ते पैसे शेवटी गुत्त्यावरच जाणार, हे सगळ्यांना दिसतं. आम्ही कर भरतो तो यासाठी का? ज्या घरात व्यसन आहे त्या घराच्या योजना बंद केल्या, तर माणूस ताळ्यावर येणार नाही का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : तुमचा राग मला समजतो. दिवसभर राबून कर भरणाऱ्याला स्टँडवर भरदुपारी झिंगून पडलेला माणूस दिसला की हा प्रश्न पडतोच. पण मदतीचा पैसा दारूत जातो, ही समजूत जगभर अनेकदा तपासून पाहिली गेली आहे आणि ती टिकलेली नाही.

जागतिक बँकेतल्या डेव्हिड इव्हान्स आणि अ‍ॅना पोपोवा यांनी २०१४ मध्ये गरिबांना रोख रक्कम देणाऱ्या योजनांवरचे १९ अभ्यास एकत्र तपासले. लॅटिन अमेरिका, आफ्रिका, आशिया, सगळीकडचे. पैसे हातात आल्यावर दारू-तंबाखूवरचा खर्च वाढला, असं चित्र जवळपास कुठेच ठळकपणे दिसलं नाही. काही ठिकाणी तो कमीच झाला. लांब कशाला, आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात २०११-१२ मध्ये 'सेवा' संस्थेने युनिसेफच्या मदतीने इंदूरकडच्या आठ गावांत प्रयोग केला. गावातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला महिन्याला आधी दोनशे, नंतर तीनशे रुपये आणि मुलांचे त्याच्या निम्मे. कसलीही अट नाही. तिथेही दारू वाढली नाही. पैसा धान्यात, शाळेत, औषधपाण्यात गेला.

मग आपल्याला उलटं का दिसतं? कारण पिऊन पडलेला माणूस चव्हाट्यावर असतो. दीड हजारातून किराणा दुकानाची उधारी फेडणारी बाई कुणाच्या नजरेत भरत नाही.

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याने तुमच्यासारखाच विचार करून २०११ मध्ये कायदा केला. गरीब कुटुंबांसाठीची मदत हवी असेल तर आधी अमली पदार्थांची चाचणी द्या. चाचणीचा खर्च अर्जदाराने करायचा, निर्दोष निघाला तर सरकार तो परत करणार. काही महिन्यांतच न्यायालयाने कायद्याला स्थगिती दिली. तोवर ४,०८६ जणांची चाचणी झाली होती. दोषी निघाले १०८. म्हणजे शंभरातले तीनसुद्धा नाहीत, आणि त्यातही बहुतेक गांजाचे. उरलेल्यांना चाचणीचे पैसे परत करताना राज्याच्या तिजोरीतून जी रक्कम गेली, ती मदत नाकारून वाचलेल्या रकमेपेक्षा जास्त भरली. २०१४ मध्ये वरच्या न्यायालयानेही कायदा घटनाबाह्य ठरवला : कुणी गरीब आहे एवढ्या कारणावरून त्याच्यावर संशय घेऊन झडती घेता येणार नाही. मला या निकालातली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. शेतकऱ्याला अनुदान देताना, उद्योजकाला करसवलत देताना आपण त्याच्या तोंडाचा वास घेत नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, मदत थांबवली तर माणूस ताळ्यावर येईल का? हेही करून झालेलं आहे. दारू किंवा अमली पदार्थांच्या व्यसनामुळे काम करता येत नाही म्हणून ज्यांना अमेरिकेत सरकारी भत्ता मिळत होता, त्यांचा तो हक्क १९९६ च्या कायद्याने काढून घेतला. १ जानेवारी १९९७ पासून भत्ते बंद झाले. दोन लाखांहून अधिक लोकांना नोटिसा गेल्या होत्या. त्यांतल्या पुष्कळांना पुढे दुसऱ्या आजारांच्या आधारावर पुन्हा भत्ता द्यावा लागला, कारण व्यसनासोबत बहुधा लिव्हर, मज्जासंस्था किंवा मन यांचंही दुखणं असतंच. नुसतं फाइलीवरचं आजाराचं नाव बदललं, माणूस तोच राहिला.

आपल्याकडे हे जवळून पाहायचं असेल तर रोज पिणाऱ्याच्या घरातली सकाळ पाहा. हात इतके थरथरतात की चहाची बशी धरवत नाही. थोडी पोटात गेल्याशिवाय थरथर थांबत नाही. अशा माणसाचा पैसा तुटला तर तो सर्वांत शेवटी दारू कमी करतो. आधी मुलांचं दूध बंद होतं, मग वह्या, मग शाळेची फी थकते, मग पितळी भांडी आणि बायकोचं मंगळसूत्र गहाण पडतं. आणि खरोखरच दारू एकदम थांबली, तर फिट्स येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवायची असते. पैसे बंद करून व्यसन सोडवणं हा उपचार नव्हे.

तुमच्या म्हणण्यात एक तथ्य मात्र आहे आणि ते झाकून ठेवणं बरोबर होणार नाही. ज्याचं व्यसन टोकाला गेलं आहे, त्याच्या स्वतःच्या हातात एकरकमी रोख आली तर धोका असतो. १९९९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मधल्या एका अभ्यासात दिसलं की अमेरिकेत महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मृत्यू वाढतात आणि त्यात नशेशी जोडलेले मृत्यू विशेष असतात. सरकारी भत्त्याचे चेक तेव्हाच हातात पडत. पण यावरून निघतो तो प्रश्न पैसा कसा, किती हप्त्यांत आणि कुणाच्या हाती द्यायचा हा आहे. 'लाडकी बहीण'चे पैसे नवऱ्याच्या नाही, बाईच्या आधार-जोडणी असलेल्या खात्यात जातात. ते बंद केले तर शिक्षा कुणाला? पिणारा तर त्या योजनेचा लाभार्थीच नाही.

मुळात व्यसनी माणसाबद्दल समाजाचं मन जास्तच घट्ट होतं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. मनोरुग्णांना इतरांसारखा आरोग्यविमा मिळू नये, असं म्हणणारे २१ टक्के निघाले. अमली पदार्थांच्या व्यसनींबाबत तेच म्हणणारे ४३ टक्के. 'त्याने स्वतःच ओढवून घेतलं' हा तो हिशोब. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्थांना आजारात धरलं आहे. पण तुमची स्वतःची मेडिक्लेम पॉलिसी काढून अपवादांचं पान वाचा. बहुतेक पॉलिसींत 'एक्सक्लूजन १२' असं एक कलम असतं : दारू, अमली पदार्थ आणि व्यसनाच्या अवस्थांवरचे उपचार, त्यांचे परिणाम, यांचा खर्च मिळणार नाही. कायदा आजार म्हणतो आणि विमा पाठ फिरवतो. एम्सच्या व्यसनोपचार केंद्राने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकाला कसले ना कसले उपचार मिळतात. ३८ मागे एक! करदात्याने सरकारला जाब विचारायचा तर तो इथे विचारावा. याच दारूवर राज्य सरकार दरवर्षी वीस हजार कोटींहून जास्त उत्पादन शुल्क गोळा करतं. तुमच्या शेजारच्या वस्तीतला तो नवराही, त्या अर्थाने, रोज कर भरतो. त्यातला किती पैसा तालुक्याच्या ठिकाणी व्यसनमुक्तीच्या खाटा उभ्या करायला जातो?

पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पु. ल. देशपांड्यांच्या मदतीने 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तेव्हापासून तिथून हजारो माणसं बरी होऊन कामाला लागली आहेत. काहीजण पुन्हा घसरतात, पुन्हा येतात. मधुमेही माणूस पथ्य मोडतो तेव्हा आपण त्याचं रेशनकार्ड रद्द करा म्हणत नाही.

त्या बाईसाठी काही करता आलं तर हे करा. तिचं खातं खरंच तिच्या एकटीचं आहे का, एटीएम कार्ड आणि पिन कुणाकडे आहे, बँकेचा मेसेज कुणाच्या मोबाइलवर येतो, हे तिला एकांतात विचारा. मेसेज नवऱ्याच्या मोबाइलवर येत असेल, तर पैसे जमा झाल्याची खबर तिच्या आधी त्यालाच लागते. बँकेत जाऊन नंबर बदलता येतो, त्यासाठी तिला सोबत लागेल. गावात बचत गट असेल तर तिची ओळख करून द्या. गटात भरलेली रक्कम नवऱ्याला परस्पर उचलता येत नाही. नवऱ्यासाठी १४४४६ हा केंद्र सरकारचा मोफत हेल्पलाइन क्रमांक आहे, आणि तो फोन घरातल्या कुणालाही करता येतो. त्याची तयारी नसली तरी तिने आपल्यापुरती मदत घ्यावी; मुक्तांगणमध्ये व्यसनी पुरुषांच्या बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे, आणि पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीच्या 'अल-अ‍ॅनॉन' गटाच्या सभा अनेक शहरांत होतात. तिथे नवरा सुधारण्याची वाट न पाहता स्वतःचं आणि मुलांचं कसं सावरायचं, हे तिच्यासारख्याच बायका तिला सांगतील.