ठिपके गेले, मासेही गेले

न्यू जर्सीतल्या आमच्या दिवाणखान्यात १२० गॅलनची, म्हणजे साडेचारशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तीन वर्षं खपून जमवलेली. प्रवाळ, क्लाउनफिशची जोडी, एक यलो टँग, तीन अँथियास आणि एक गोबी. सगळं सुरळीत चाललं होतं, म्हणूनच बहुधा माझे हात शिवशिवू लागले.

एका शनिवारी दुकानात पावडर ब्लू टँग दिसला. हिंदी महासागरातला मासा: आकाशी अंग, काळं तोंड, पाठीवर पिवळाधमक पर. दुकानदार म्हणाला, "दोन आठवडे आहे इथे, खणखणीत आहे." मासा खात होता, अंगावर डाग नव्हता. तासाभराने तो आमच्या टाकीत होता.

यलो टँगने त्याला पहिल्याच संध्याकाळी खडकामागे कोंडलं. चौथ्या दिवशी टॉर्च लावून पाहिलं, तर परांवर बारीक मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके. मासा खडकाला अंग घासत होता, कल्ले भराभर हलत होते. मी धास्तावलो. पण तीन दिवसांत ठिपके गायब झाले. लसूण चोळलेलं खाणं घातलं होतं, त्याचाच हा गुण असं मी घरात सांगत सुटलो.

हीच माझी मोठी चूक. हा रोग क्रिप्टोकॅरिऑन नावाच्या एकपेशीय परजीवीचा. तो माशाच्या कातडीत तीन ते सात दिवस राहतो, मग गळून वाळूत किंवा खडकावर कोष करतो. एका कोषातून शेकडो पिल्लं निघतात आणि नवा मासा शोधतात. म्हणजे ठिपके जातात तेव्हा रोग बरा झालेला नसतो, तो खाली उतरून पिल्लावळ वाढवत असतो. दुसरी लाट दहा-बारा दिवसांनी आली. आधी पावडर ब्लू गेला, मग यलो टँग, मग एकेक करत तिन्ही अँथियास.

औषध आहे, तांब्याचं. पण तांबं प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी सगळ्यांना मारतं, त्यामुळे ते मुख्य टाकीत टाकता येत नाही. शेवटी सगळे खडक उपसून उरलेले तीन मासे पकडले आणि वेगळ्या टाकीत उपचाराला ठेवले. मोठी टाकी ७६ दिवस माशांविना ठेवली, कारण काही कोष दोन महिन्यांनंतरही फुटतात. त्या दिवसांत बायको रोज विचारायची, "दिवे कुणासाठी लावतोयस?" प्रवाळांसाठी, असं म्हणायचो, पण नजर माझीही मासेच शोधायची.

आता माझा नेम असा आहे. मासा आवडला तरी त्या दिवशी आणायचा नाही. बरीच दुकानं पाण्यात तांब्याची हलकी मात्रा ठेवतात. त्याने ठिपके दबतात, रोग जात नाही. आधी घरी २० गॅलनची मोकळी टाकी मांडायची: वाळू नाही, खडक नाही, कारण ते तांबं शोषून घेतात. लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, एक हीटर, आणि महिनाभर आधीपासून मोठ्या टाकीच्या संपमध्ये, म्हणजे गाळणीच्या जोडटाकीत, मुरवलेला स्पंज फिल्टर. अमोनिया रोज तपासायचा.

दुकानातल्या पाण्याची घनता बरेचदा १.०१९ असते, आपली १.०२५. या वेगळ्या, म्हणजे क्वारंटाइनच्या टाकीतलं पाणी आधी पिशवीच्या पाण्याशी जुळवा. पिशवी १५-२० मिनिटं तरंगवून तापमान सारखं झालं की मासा हलकेच आत सोडा. पिशवीतलं पाणी बाहेर ओता, टाकीत नको. घनता मग काही दिवसांत हळूहळू चढवा. पार्सलने आलेल्या माशाला पिशवी उघडून तासभर थेंब थेंब पाणी देत बसू नका: कार्बन डायऑक्साइड उडून सामू वाढतो आणि साचलेला अमोनिया विषारी होतो.

तांब्याची मात्रा बाटलीवर लिहिल्याप्रमाणे, टेस्ट किटने मोजून, सलग ३० दिवस. जाळी आणि नळ्या दोन्ही टाक्यांच्या वेगळ्या. नवे प्रवाळ आणि गोगलगायीसुद्धा माशांविना वेगळ्या ठेवायच्या, कारण शिंपल्यावर चिकटून कोष येऊ शकतो. मोठ्या टाकीत सोडताना दिवे मंद करा, आणि नव्या माशाला चार-सहा दिवस भोकांच्या पारदर्शक डब्यात टांगा. जुने मासे काचेवर धडका मारून थकले की डबा उघडा.

ती छोटी टाकी, हीटर आणि फिल्टर मिळून जो खर्च आला, तो त्या एका पावडर ब्लूच्या किमतीपेक्षा कमी होता.