हृदयशस्त्रक्रियेसाठी ऊती कशी सिद्ध होते?

विहिरीवर चालणारी चामड्याची मोट वऱ्हाडातून नाहीशी होऊन बराच काळ लोटला. परंतु त्या मोटेमागील विद्या जुनी आणि शास्त्रशुद्ध होती. जनावराचे कच्चे कातडे दोन दिवसांत कुजू लागते; तेच बाभळीच्या सालीच्या काढ्यात मुरवून कमावले म्हणजे वर्षानुवर्षे पाण्यात राहूनही टिकते. कातड्यातील कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे तंतू या प्रक्रियेत एकमेकांशी घट्ट बांधले जातात व जंतूंना ते सहजी पचविता येत नाहीत. हृदय व रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेत आज जी जैविक ऊती वापरली जाते, ती सिद्ध करण्यामागेही मूलतः हेच तत्त्व आहे.

गरज का भासते?

मानवी हृदयात चार झडपा असतात. रक्त एकाच दिशेने वाहावे यासाठी त्या दिवसातून सुमारे एक लाख वेळा उघडतात आणि मिटतात. बालपणी घसा सुजून येणाऱ्या सांधेतापाकडे, म्हणजेच संधिवाती ज्वराकडे दुर्लक्ष झाल्यास या झडपा आखडतात किंवा गळू लागतात. दुरुस्ती शक्य नसेल, तर झडप बदलणे हाच उपाय उरतो.

कृत्रिम झडपा दोन प्रकारच्या असतात. पहिली यांत्रिक. तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली विकसित झालेली व डिसेंबर १९९० मध्ये प्रथम रुग्णास बसविलेली भारतीय झडप याच प्रकारची होय. अशी झडप दीर्घकाळ टिकते. मात्र तिच्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारे औषध जन्मभर घ्यावे लागते आणि त्याची मात्रा ठरविण्यासाठी वरचेवर रक्त तपासावे लागते. दुसरा प्रकार जैविक झडपेचा. तिला बहुधा हे औषध जन्मभर लागत नाही. परंतु ती साधारणतः दहा ते पंधरा वर्षांत, आणि तरुण वयात त्याहूनही लवकर, निकामी होऊ शकते.

धारणी किंवा चिखलदरा तालुक्यातील विशी-पंचविशीच्या स्त्रीच्या दृष्टीने ही निवड केवळ वैद्यकीय नसते. रक्ततपासणीसाठी सातपुड्याचा घाट उतरून परतवाडा किंवा अमरावती गाठणे दर वेळी जमेलच असे नाही. शिवाय रक्त पातळ ठेवणारे हे नेहमीचे औषध गर्भास अपायकारक ठरू शकते. उलट जैविक झडप घेतल्यास काही वर्षांनी दुसऱ्या शस्त्रक्रियेची तयारी ठेवावी लागते. म्हणूनच ऊती अधिक काळ टिकविण्याच्या संशोधनाला एवढे महत्त्व आहे.

इतिहासाचे टप्पे

१९६२ मध्ये लंडन येथे डोनाल्ड रॉस यांनी व ऑकलंड येथे ब्रायन बॅरेट-बॉइज यांनी मृत मानवाच्या महाधमनीची झडप रुग्णांना बसविली. परंतु मानवी झडपा पुरेशा मिळत नसत. १९६५ मध्ये पॅरिस येथे बिने व कारपांतिये यांनी डुकराच्या झडपेचा वापर केला. आरंभीच्या काळातील अशा झडपा थोड्याच वर्षांत निकामी होत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस कारपांतिये यांनी ग्लुटराल्डिहाइड या रसायनाचा अवलंब केला आणि त्यामुळे चित्र पालटले. १९७१ पासून इंग्लंडमधील लीड्स येथे आयोनेस्कू यांनी गोवंशीय प्राण्याच्या हृदयावरणापासून, म्हणजे हृदयाभोवतीच्या पातळ व चिवट पिशवीपासून, झडपा तयार केल्या.

सिद्ध करण्याची रीत

तपासणी झालेल्या निरोगी जनावरांचीच ऊती घेतली जाते. ती थंड ठेवून प्रयोगशाळेत आणतात, चरबी व सैल धागे काढून स्वच्छ करतात आणि जाडी मोजून एकसारखा भाग निवडतात. त्यानंतर ती ग्लुटराल्डिहाइडच्या सौम्य द्रावणात ठेवतात. द्रावणाचे प्रमाण साधारणतः ०.२ ते ०.६ टक्के असते व आम्लता रक्ताइतकीच राखलेली असते. या रसायनाच्या रेणूला दोन्ही टोकांस पकड असते. त्यामुळे कोलॅजेनच्या शेजारील तंतूंमध्ये जणू पूल बांधले जातात. ऊती कुजत नाही, मजबूत होते आणि परकी वस्तू म्हणून शरीराकडून होणारा तिचा विरोधही पुष्कळ कमी होतो. डुकराची संपूर्ण झडप कमावताना तिच्या पडद्यांवर फार दाब पडू देत नाहीत. अन्यथा त्यांची नैसर्गिक लवचीकता जाते.

या रीतीत एक उणीव आहे. ऊतीत उरलेले रसायन व पेशींतील स्निग्ध द्रव्ये यांच्याभोवती कालांतराने कॅल्शियम साचते, झडप ताठरते व फाटते. तरुणांच्या शरीरात ही क्रिया अधिक वेगाने होते. म्हणून अल्कोहोलसारख्या द्रव्यांनी स्निग्धांश धुऊन काढणे, मोकळे राहिलेले रासायनिक गट निष्प्रभ करणे, किंवा पेशी पूर्णपणे काढून केवळ तंतूंचा सांगाडा ठेवणे, असे उपाय योजले जातात.

तयार झडप वाफेने निर्जंतुक करता येत नाही, कारण उष्णतेने कोलॅजेन आक्रसते. ती द्रवरूप रसायनाने निर्जंतुक करून बहुधा त्याच प्रकारच्या द्रावणात बाटलीबंद ठेवतात. ती गोठूही नये आणि फार तापूही नये. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा वाहतूक व साठवणीतील तापमानावर विशेष लक्ष ठेवणे अगत्याचे ठरते. शस्त्रक्रियागृहात निर्मात्याने सांगितलेल्या वेळेनुसार ती सलाईनमध्ये पुनःपुन्हा खळबळून धुतली जाते. रसायनाचा अंश राहिल्यास रुग्णास इजा होते.

रुग्णाचीच ऊती

प्रत्येक वेळी परकी ऊती लागतेच असे नाही. बालकाच्या हृदयातील छिद्र बुजविताना त्याच्याच हृदयावरणाचा तुकडा घेऊन, शस्त्रक्रिया चालू असतानाच काही मिनिटे ग्लुटराल्डिहाइडमध्ये बुडवून व धुऊन ठिगळ म्हणून लावता येतो. ही रीत कमी खर्चाची आहे. हृदयधमनीच्या बायपास शस्त्रक्रियेत पायातील शीर किंवा छातीच्या आतील धमनी वापरतात. ती जिवंत ऊती असल्याने तिच्यावर रसायनाचा प्रयोग न करता, तिला न ताणता, हळुवारपणे हाताळणे हीच तिची तयारी होय. दान केलेली मानवी झडप प्रतिजैविकांच्या द्रावणात ठेवून पुढे द्रव नायट्रोजनच्या साहाय्याने गोठवून जतन करतात. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने ऊतींचाही समावेश झाला आहे. हृदय संपूर्ण प्रत्यारोपणास योग्य नसले, तरी त्यातील झडपा उपयोगी पडू शकतात.

नागरिकांनी काय करावे?

जुलै २०१२ मध्ये राज्यातील आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. त्यांत अमरावतीचा समावेश होता. पुढे राज्यभर पोहोचलेल्या या योजनेला २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. झडप बदलण्याची शस्त्रक्रिया तिच्या कक्षेत येते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या व शाळांतील मुलांची तपासणी होते व हृदयदोषाचा संशय आल्यास त्यांना पुढील उपचारासाठी पाठविले जाते.

शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाने व नातेवाइकांनी तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात : झडप यांत्रिक की जैविक, जैविक असल्यास ती कोणत्या प्राण्याची, आणि पुढे औषध व तपासणी किती काळ लागेल. प्राण्याच्या ऊतीविषयी श्रद्धेचा प्रश्न असल्यास तो संकोच न बाळगता आधीच सांगावा. पर्याय उपलब्ध असतात.

तथापि उत्तमात उत्तम कमावलेली ऊतीही निसर्गदत्त झडपेची बरोबरी करू शकत नाही. मुलाचा घसा दुखून ताप आला व त्यापाठोपाठ सांधे सुजले, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात विलंब न लावता न्यावे. संधिवाती ज्वराचे निदान झाल्यास पेनिसिलिनची इंजेक्शने डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मुदतीपर्यंत, मध्येच खंड न पाडता घ्यावीत. शेतीच्या हंगामात किंवा स्थलांतराच्या काळात चुकलेले एखादे इंजेक्शनही पुढे झडपेवर बेतू शकते.